मर्लोची लाल वाइन: नाशिकच्या मळ्यापासून लोहाऱ्याच्या घरापर्यंत

बाटलीवर ‘मर्लो-कॅबर्ने’ असं दिसलं, की आत दोन जातींच्या द्राक्षांची वाइन एकत्र केलेली आहे आणि सहसा मर्लो जास्त आहे, असं आपण समजावं. अशा मिश्रणाला ब्लेंड म्हणतात. मर्लो मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. तिथे आजही सर्वाधिक लागवड तिचीच. पोमेरोलच्या गार चिकणमातीत ती विशेष रमते. आपल्याकडे ती नाशिककडे आणि अकलूजच्या परिसरात होते.

सुरुवात छाटणीपासून. थंड देशात वेल हिवाळाभर विश्रांती घेते. इथे तशी थंडी नाही, म्हणून छाटणी दोनदा: एप्रिलमध्ये काड्या तयार व्हाव्यात म्हणून खरड छाटणी आणि पावसाळा सरताना घडांसाठी फळछाटणी. दुसरीची घाई झाली आणि परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर पडला, की केवडा येतो. ही बुरशी पानांवर तेलकट डाग पाडते आणि घडही खाते.

मग पिकणं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तिथल्या हिवाळी रात्री गार असतात, म्हणून द्राक्षातला आंबटपणा टिकतो आणि सालीला रंग भरतो. माझ्या मते या वाइनचा स्वभाव इथेच ठरतो.

सर्वांत जास्त चुका तोडणीच्या वेळी होतात. उन्हामुळे साखर लवकर भरते, पण बी हिरवीच राहते. नुसती साखर मोजून तोडलं, तर वाइन कडवट होते. फार थांबलं, तर आंबटपणा जातो आणि चव बोथट होते. म्हणून जाणकार बी चावून पाहतात: तपकिरी आणि कुरकुरीत हवी. शिवाय मर्लो कॅबर्नेच्या आधी पिकते, त्यामुळे दोन्ही एकदम तोडता येत नाहीत.

या द्राक्षांचा रस जवळजवळ बिनरंगी असतो. लाली सालीत असते. म्हणून रस सालींसकट आंबवतात. साली वर तरंगून थर धरतात. तो रोज खाली दाबावा लागतो, नाहीतर कोरड्या थरात व्हिनेगरचे जीवाणू वाढतात.

दोन्ही वाइन वेगवेगळ्या मुरवून शेवटी चाखून एकत्र करतात. मर्लो मऊपणा आणि आलुबुखाऱ्याची चव देते. कॅबर्ने टॅनिन, म्हणजे साली-बियांतला तुरटपणा, देते. तो नसेल तर मर्लो तोंडात लगेच विरून जाते. प्रमाण दरवर्षी बदलतं आणि बदलायलाच हवं, कारण हंगाम सारखे नसतात.

आता आपलं घर. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला घ्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. त्याचा अर्थ साधारण १६ ते १८ अंश. विदर्भातल्या लोहाऱ्यात मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो. तेव्हा बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवावी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती कधीही सोडू नये. चव शिजल्यासारखी होते आणि ती परत सुधारत नाही. नागपूरहून आणायचा विचार असेल, तर वाटेतल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे हे ध्यानात ठेवावं. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, तर तीन-चार दिवस चांगली राहते.