बास माशासाठी दोरी आणि आमिष कसं निवडावं? तळ्याकाठचा विज्ञानाचा तास



अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांचा एक हट्ट ऐकू येतो, "बाबा, मला फिशिंगला जायचंय!" वर्गातले मित्र आजोबांबरोबर तळ्यावर जातात, मग आपल्यालाही जावंसं वाटणारच. आई-बाबा दुकानात जातात आणि तिथे गोंधळ सुरू होतो. भिंतभर दोऱ्यांची रिळं, शेजारी शेकडो रंगीबेरंगी खोटे मासे, बेडूक, गांडुळं. मग प्रश्न येतो, "यातली सगळ्यात चांगली दोरी कुठली?"

सगळ्यात चांगली दोरी अशी नसतेच. आधी आमिष ठरतं. ते पाण्यात वर, मध्ये की तळाशी चालणार, यावरून दोरी ठरते. आणि हे ठरवताना जे नियम लागतात ते आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातलेच आहेत: घनता, अपवर्तन, ताण, घर्षण. चला तर मग, एकेक पाहू या.

आधी मासा ओळखू या

'बास' म्हटल्यावर रायगडकडच्या वाचकांना जिताडा आठवेल, कारण जिताड्याला इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणतात. पण हा मासा वेगळा, कुळही वेगळं. आपण बोलतोय ते उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातल्या लार्जमाउथ बासबद्दल. नावाप्रमाणे याचं तोंड मोठं असतं. पाठ हिरवट आणि अंगावर बाजूने एक काळपट पट्टा. हा पाठलाग करत बसणारा शिकारी नाही, दबा धरणारा आहे. पाणवनस्पती, बुडालेली झाडं, धक्क्याची सावली यांच्या आडोशाला थांबतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो.

तो भक्ष्य ओळखतो कसं? एक, डोळ्यांनी. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोन प्रकारच्या असतात, आपल्या तीन. लाल आणि हिरवा त्याला चांगला कळतो, पण पांढरा आणि झगझगीत पोपटी-पिवळा यांत त्याची गल्लत होते. दोन, अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेषेने. तिच्यामुळे पाण्यातली बारीक थरथर त्याला जाणवते. आमिष निवडताना या दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या: त्याला काय दिसेल आणि काय जाणवेल.

आमिष: पाणी कसं आहे ते आधी बघा

पाणी नितळ असेल तर मासा डोळ्यांवर भरवसा ठेवतो. तिथे खऱ्या माशासारखे दिसणारे, फिकट, नैसर्गिक रंग बरे. पाणी गढूळ असेल तर रंगापेक्षा थरथर महत्त्वाची. मग फिरत्या पात्यांचं स्पिनरबेट किंवा आत गोळ्या खुळखुळणारं आमिष घ्यायचं. रंग ठळक हवा. गढूळ पाण्यात काळं आमिषही चालतं, कारण त्याची आकृती उठून दिसते. दुकानातले बाकीचे पन्नास रंग मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी असतात, बरं का!

आमिषांचे मुख्य प्रकार असे:

१. पृष्ठभागावरची – पॉपर, खोटा बेडूक. ही तरंगतात आणि पाण्यावर खळबळ करतात. पहाटे आणि संध्याकाळी उपयोगी.

२. मधल्या थरातली – क्रँकबेट. यांच्या तोंडाशी एक चपटी पट्टी असते. ओढलं की पट्टीवर पाण्याचा दाब येतो आणि आमिष डोलत डोलत खाली जातं. पट्टी लांब असेल तर खोल, आखूड असेल तर उथळ.

३. तळाशी चालणारी – जिग आणि मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ. हे गांडूळ ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम यांनी १९४९ मध्ये बनवलं आणि बास पकडण्याची पद्धतच बदलली. गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवलं की ते गवतात अडकत नाही. या जोडणीला 'टेक्सास रिग' म्हणतात.

तीन दोऱ्या, तीन स्वभाव

पूर्वी गळाला रेशीम, ताग, घोड्याचे केस अशा दोऱ्या असत. त्या भिजून कुजत, रोज वाळवाव्या लागत. १९३५ मध्ये ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन तयार केलं आणि काही वर्षांतच त्याची दोरी बाजारात आली. आपण मणी ओवायला वापरतो तो तंगूस म्हणजे तीच दोरी! आज दुकानात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

नायलॉन (तंगूस): घनता सुमारे १.१४, म्हणजे पाण्यापेक्षा किंचित जड. ही दोरी अगदी सावकाश बुडते. ताण आला की चांगली लांबते, त्यामुळे माशाचा हिसका सोसते. गाठ सोपी बसते आणि स्वस्त असते. दोष असे की पाणी शोषते, उन्हाने कमकुवत होते, म्हणून दर हंगामात बदलावी लागते.

फ्लुओरोकार्बन: घनता सुमारे १.७८, त्यामुळे चटकन बुडते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हिचा सुमारे १.४२, तर नायलॉनचा १.५ च्या पुढे. दोन पदार्थांचे अपवर्तनांक जितके जवळ, तितका प्रकाश त्यांच्या सीमेवर कमी वळतो आणि वस्तू कमी दिसते. म्हणून नितळ पाण्यात ही दोरी लपते. 'अदृश्य' असं खोक्यावर छापलेलं असतं ते मात्र खरं नाही, फक्त कमी दिसते. ही कडक असते आणि खडकावर घासली तरी टिकते. महाग असते, आणि गाठ निष्काळजीपणे मारली तर दगा देते.

वेणीची दोरी (ब्रेड): पॉलिएथिलीनचे अतिशय बळकट तंतू विणून केलेली. घनता ०.९७ च्या आसपास, म्हणून तरंगते. जवळजवळ लांबतच नाही, त्यामुळे तळाशी माशाने नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा बरीच बारीक असते. ३० पौंडांची वेणी साधारण ८ पौंडांच्या नायलॉनइतकी जाड भरते. दोष? पाण्यात स्पष्ट दिसते. शिवाय गुळगुळीत रिळावर घसरते, म्हणून आधी नायलॉनचे काही वेढे द्यायचे.

आता जोडी जमवू या

हे तीन स्वभाव कळले की पाठांतराची गरजच उरत नाही.

पॉपर तरंगतो. त्याला फ्लुओरोकार्बन बांधलं तर दोरी बुडते आणि पॉपरचं नाक खाली ओढते. म्हणून तिथे नायलॉन किंवा वेणी.

गच्च पाणवनस्पतीत खोटा बेडूक टाकायचा असेल तर मासा गवतासकट ओढावा लागतो. तिथे ५० ते ६५ पौंडांची वेणी. एवढ्या गवतात माशाला दोरी दिसण्याची चिंता नाही.

क्रँकबेटला तीन-तीन टोकांचे बारीक गळ असतात. मासा लागल्यावर दोरी अजिबात लांबली नाही तर हिसक्याने गळ सुटून येतो. म्हणून थोडी लांबणारी दोरी, १० ते १२ पौंडांचं नायलॉन किंवा फ्लुओरोकार्बन. आमिष खोल जायला हवं असेल तर दोरी बारीक घ्या, कारण जाड दोरीला पाणी जास्त अडवतं.

नितळ पाण्यात तळाशी गांडूळ चालवायचं तर फ्लुओरोकार्बन. ती बुडते, कमी दिसते, दगडावर टिकते. किंवा वेणीच्या टोकाला दीड-दोन मीटर फ्लुओरोकार्बन जोडा. याला 'लीडर' म्हणतात.

आणि पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलासाठी? साधं स्पिनिंग रीळ, ८ पौंडांचं नायलॉन आणि एकाच गळावरचं मऊ गांडूळ. तीन टोकांचे गळ लहान मुलांच्या हाती नकोत. गळ फेकताना मागे कोणी उभं नाही ना, ते बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. डोळ्यांवर चष्मा किंवा गॉगल हवाच. वेणीची दोरी बोटांना गुंडाळून कधीही ओढू द्यायची नाही, ती कातडी कापते.

खोक्यावरचा पौंडाचा आकडा

'१० पौंड' म्हणजे १० पौंडांपर्यंतचा मासा, असं मुलं समजतात. तसं नाही. इतक्या ओढीपर्यंत दोरी तुटू नये, असा तो आकडा. १० पौंड म्हणजे सुमारे ४.५ किलो. मासा पाण्यात जवळजवळ वजनरहित असतो, त्याच्या वाताशयामुळे. दोरीवर येते ती त्याच्या धडपडीची ओढ आणि हिसका.

रिळाला 'ड्रॅग' नावाचा घर्षणाचा ब्रेक असतो. ठरावीक ओढीनंतर तो दोरी सोडू लागतो. साधारण नियम असा की ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा. म्हणजे १० पौंडांच्या दोरीला सुमारे १.१ ते १.५ किलो. उरलेली ताकद अचानक हिसक्यासाठी आणि गाठीसाठी राखीव. कारण दोरी बहुधा गाठीशीच तुटते. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन आणि फ्लुओरोकार्बन तिथल्या तिथे कमकुवत होतात.

मग सगळ्यात बारीक दोरी घेऊन कौशल्य दाखवावं का? नको. दोरी फार बारीक असेल तर मासा लवकर आणता येत नाही. तो झुंजून थकतो, स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, आणि सोडून दिल्यावरही मरू शकतो.

आपल्या हातून काय सुटतं?

अमेरिकेत बास पकडणारे बरेचजण मासा परत सोडून देतात. पण 'सोडला' म्हणजे 'वाचला' असं होत नाही, हे मुलांना जरूर सांगा. हात ओले करून धरायचा, पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवायचा. वसंतात नर बास घरट्यावर राखण करतो. त्याला उचललं की छोटे मासे काही मिनिटांत अंडी खायला येतात. त्या दिवसांत घरट्यावरचा मासा दिसला तर आपण पुढे जावं, हे उत्तम.

तुटलेली दोरी पाण्यात राहिली तर पक्ष्यांच्या पायांत आणि कासवांच्या मानेत अडकते. नायलॉन कुजत नाही. तुकडा न् तुकडा खिशात घालून परत आणायचा. अनेक तळ्यांवर यासाठी नळीसारखे डबे लावलेले असतात. फाटलेलं मऊ गांडूळही पाण्यात टाकायचं नाही, मासे ते गिळतात.

आणि वजन. शिशाची छोटी वजनं लून नावाचे पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून न्यू हॅम्पशायर, मेन, व्हरमाँट अशा राज्यांत छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे. पर्याय टंगस्टनचा. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३. म्हणजे तेवढ्याच वजनाचा तुकडा आकाराने सुमारे साठ टक्केच! महाग आहे, पण लहान आकारामुळे गवतातून सहज सरकतो.

एका तळ्यातला मासा दुसऱ्या तळ्यात कधीच सोडू नका. जपानमध्ये १९२५ साली बास आणून सोडला गेला आणि पुढे पसरून स्थानिक माशांवर उठला. आज तिथे तो कायद्याने उपद्रवी परदेशी प्रजातींमध्ये गणला जातो. निघण्यापूर्वी राज्याचे परवान्याचे नियमही बघा. अनेक राज्यांत १६ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, टेक्सासमध्ये ही मर्यादा १७ आहे. मोठ्यांना मात्र बहुतेक ठिकाणी लागतोच.

वर्गात करून बघा

शिक्षकमित्रांनो, यासाठी तळं लागत नाही.

• तिन्ही दोऱ्यांचे छोटे तुकडे साध्या पाण्यात बोटाने बुडवा. पृष्ठताण आणि हवेचे बुडबुडे घालवायचे, नाहीतर जड तुकडाही तरंगतो. वेणी वर येईल, बाकी दोन बुडतील. आता पाण्यात विरघळेल तितकं मीठ घाला. त्याची घनता १.२ च्या आसपास जाते आणि नायलॉनही वर येतं! फ्लुओरोकार्बन तळाशीच. वर्गात फक्त तंगूस असेल तरी हा प्रयोग होतो.

• एक मीटर तंगूस टांगून वजनं वाढवत जा, लांबी मोजा, आलेख काढा. दोरी तुटून उसळते, म्हणून चष्मा हवा आणि पाय वजनाखाली नकोत.

• गणिताला प्रश्न द्या: दोरीचा व्यास दुप्पट केला तर ताकद किती पट? दुप्पट म्हणणारी मुलं बरीच निघतील. छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून ताकदही साधारण चौपट.

पुढच्या वेळी मुलाने दुकानात विचारलं, "सगळ्यात चांगली कुठली?" तर उत्तर देऊ नका. उलट विचारा, "पाणी कसं आहे? आमिष कुठे चालणार? आणि मासा सोडायचा असेल तर तो लवकर कसा आणशील?" या तीन प्रश्नांची उत्तरं त्याने दिली की दोरी तो स्वतःच उचलेल.