पुसलेला मार्को पोलो

वैज्ञानिक अद्भुतकथा म्हटली की आपल्यापुढे अग्निबाणच उभा राहतो. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेने १९६४ साली मात्र कालयंत्रातून थेट मार्को पोलोला गाठले! दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्माने आपल्या लखनौचे, वय अवघे २५. लंडनमधल्या लाइम ग्रोव्हच्या अडचणीच्या स्टुडिओत त्यांनी गोबीचे वाळवंट आणि कुबलाईखानाचा दरबार उभा केला. सात भाग झाले. फीत महाग, म्हणून पुसून तिच्यावर दुसरे टिपायचे, हा तेव्हाचा रिवाज. सातही भागांच्या मूळ फिती अशाच पुसल्या गेल्या. उरली छायाचित्रे आणि हौशी प्रेक्षकांनी घरी टिपलेला आवाज. लुप्त पोथ्यांविषयी शिकवताना मी तो वर्गात ऐकवतो. दरबार दिसत नाही. पण मागच्या बाकावरची मुलेसुद्धा कान टवकारतात.