पुरात बुडालेली गाडी : आधी चावी बाजूला ठेवा



ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. जनावरे आणि म्हातारीकोतारी माणसे हलविण्याच्या धांदलीत गाड्या जिथल्या तिथे राहिल्या. ते योग्यच झाले. पण पाणी ओसरल्यावर जे घडले ते मला अजून सलते.

नदीकाठच्या एका गावी दोन शेजाऱ्यांच्या डिझेल जीपगाड्या बॉनेटच्या वरपर्यंत बुडाल्या होत्या. एकाने ट्रॅक्टरला टोचन लावून गाडी वर काढली आणि ‘चालू होते का बघू’ म्हणून चावी फिरविली. आतून ठक्क असा एकच आवाज आला. दुसऱ्याची चावी पुराच्या पळापळीत हरवली होती, म्हणून मिस्त्री येईपर्यंत त्याची गाडी तशीच उभी राहिली. पहिल्याचे इंजिन उघडले तेव्हा कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. दुसऱ्याची गाडी साफसफाई, नवे ऑइल आणि फिल्टर एवढ्यावर रस्त्याला लागली.

असे का झाले? इंजिनात पिस्टन हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि सारा जोर रॉडवर येतो. डिझेल इंजिनात दाब जास्त असल्याने धोकाही जास्त. पण पेट्रोलची गाडी त्यातून सुटते असे नाही. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलली तरी इंजिन फिरतेच, म्हणून तेही करू नये. ओढून न्यायची तर न्यूट्रलमध्येच न्यावी.

गाडीजवळ जाताना हातात काठी आणि पायात गमबूट असू द्यावेत. पुरानंतर साप-विंचू सीटखाली आणि बॉनेटमध्ये आसरा घेतात. दार उघडून, काठीने ठोकून थोडे थांबावे. हातापायाला जखम असेल तर पुराच्या चिखलात उघडा हात घालू नये. लेप्टोस्पायरोसिसचा ताप अशा पाण्यातूनच येतो.

मग धुण्याची घाई न करता आधी फोटो काढावेत. काचेवरची गाळाची रेघ, नंबरप्लेट, आतली सीट, सारे दिसू द्यावे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू नये. फक्त तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या गाडीचा पैसा मिळत नाही; पुराची भरपाई गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यातून होते. तो विमा असूनही, बुडालेली गाडी चालू करून मोडलेल्या इंजिनाचा खर्च कंपन्या बहुधा नाकारतात. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्यावे. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर जात असेल तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात.

बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढावी, मग पॉझिटिव्ह. विजेवरची गाडी किंवा स्कूटर बुडाली असेल तर तिला मुळीच हात लावू नये, चार्जिंगलाही लावू नये. ती घर-गोठ्यापासून लांब उघड्यावर ठेवून कंपनीच्या माणसाला बोलवावे. तिची बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते.

सर्व्हेअर पाहून गेला की गाळ ओला आहे तोवर साध्या पाण्याने धुवावा. काळा गाळ एकदा वाळला की ब्रेकच्या ड्रममध्ये आणि रेडिएटरच्या जाळीत सिमेंटासारखा बसतो. वायरिंगवर मात्र जोराचा फवारा मारू नये.

आता ऑइलची कांडी ओढून पाहावी. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले किंवा पातळी खुणेच्या वर गेलेली असली तर आत पाणी आहे. पाणी जड असल्याने तळाला बसते, म्हणून खालचा बोल्ट काढला की आधी पाणी येते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचे ऑइलही बदलावेच. तिथे हवेसाठी ठेवलेल्या बारीक नळीतून पाणी शिरते आणि हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डिझेलची टाकी पूर्ण रिकामी करावी. आजच्या गाड्यांचा डिझेल पंप आणि इंजेक्टर थोड्या पाण्यानेही गंजतात. एअर फिल्टर ओला निघाला तर पाणी इंजिनापर्यंत गेले असे समजावे. मग मिस्त्रीने पेट्रोलच्या गाडीचे प्लग किंवा डिझेलचे इंजेक्टर काढून इंजिन पान्याने हाताने फिरवावे. भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली की गाडी का चालू करायची नव्हती, ते कोणालाही पटते. चालू झाल्यावर थोडे चालवून ऑइल पुन्हा एकदा बदलावे. ब्रेक ऑइलही जुने ठेवू नये.

पाणी सीटच्या वर गेले असेल तर खर्चाचा विचार शांतपणे करावा. काही गाड्यांचा कॉम्प्युटर आणि एअरबॅगची पेटी सीटखाली किंवा पायापाशी असते. ती वाळवून चालेल असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गाडी आज चालेल, पण अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री कोण देणार? गाडी मोडीत काढायची ठरली तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी. कागद आपल्या नावावर ठेवून गाडी भंगारवाल्याच्या हाती देणे फार घातक.

पुरानंतर काही महिन्यांनी अशाच गाड्या चकाचक होऊन, दूरच्या बाजारात स्वस्तात येतात. घेणाऱ्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा; आतल्या टोकाला गाळाचा डाग सहसा राहतोच. सीटचे बोल्ट गंजलेले, हेडलाइटच्या काचेत आतून वाफ, आणि गाडीत अत्तराचा फार दरवळ असला तर पायाखालचा गालिचा उचलून खाली बोट फिरवावे आणि मगच किमतीचे बोलावे.