दम जोडावा आषाढात

पुण्यात गणेशोत्सवाच्या दीड-दोन महिने आधीपासून ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. दुकान वा महाविद्यालय आटोपून आपल्या घरांतील मुले-मुलीही तेथे जातात. पहिल्या आठवड्यातच अनेकांच्या तळहातांना फोड येतात, खांदे भरून येतात आणि उत्साह ओसरतो. दोष बहुधा ताकदीचा नसतो, घाईचा असतो.

ढोल कमरेला बांधलेला. एका पानावर टिपरू, दुसऱ्यावर हाताची थाप. नवखा वादक टिपरू आवळून धरतो, खांद्यातून जोर लावतो, श्वास रोखतो. सतत आवळलेल्या स्नायूला रक्तपुरवठा कमी पडतो आणि तो लवकर थकतो. जाणता वादक पकड सैल व मनगट खेळते ठेवतो. पानावरून उसळलेले टिपरू पुढच्या ठोक्यासाठी आपोआप वर येते.

दमसास वाढविण्याचा मार्ग साधा आहे. आरंभी ढोल न बांधता ठेका विलंबित लयीत वाजवावा. हात न आखडता पाच मिनिटे टिकला, की वेळ थोडा वाढवावा, लय त्यानंतर. दोन्ही एकाच दिवशी वाढवू नयेत. विश्रांतीचा दिवस हाही सरावाचाच भाग होय. कानांत बोळे असावेत. थकवा विश्रांतीने जातो. मनगटातील कळ वा बोटांतील मुंग्या न गेल्यास वादन थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

सारे भांडवल पहिल्याच दिवशी ओतणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती हंगामात काही उरत नाही. मिरवणुकीच्या शेवटच्या चौकातही ज्याचा ठेका स्वच्छ राहतो, त्याने तो दम आषाढातच थोडा थोडा जोडलेला असतो.