कंट्रोल पॅनेलचे अद्ययावतीकरण आणि हरवलेली माहिती



धर्मग्रामाच्या बातम्या, दिवंगतांच्या स्मरणार्थ लिहिलेले चार शब्द, सणांची छायाचित्रे हे सारे आज सर्व्हर नावाच्या संगणकावर साठविले जाते. त्याचा कारभार ‘प्लेस्क’, ‘सीपॅनेल’ यांसारख्या कंट्रोल पॅनेलद्वारे चालतो. पॅनेलची नवी आवृत्ती बसविल्यावर क्वचित संकेतस्थळ कोरे दिसते, टपालपेट्या रिकाम्या भासतात. अशा वेळी नेमके काय घडलेले असते?

पॅनेल हे कोठार नव्हे, कोठाराची चोपडी आहे. कोणते संकेतस्थळ कोठे आहे, टपालपेटी कोणाची आहे, या नोंदी ते स्वतःकडे ठेवते. लेख व छायाचित्रे डिस्कवर निराळ्या जागी असतात. चोपडी फाटली म्हणून धान्य नाहीसे होत नाही. लिनक्सवरील प्लेस्क तर आपल्या नोंदींची रोज एक प्रत काढून ठेवते. मात्र जुन्या आवृत्तीची प्रत नव्या आवृत्तीत थेट उतरवू नये. दोहोंची रचना भिन्न असू शकते.

फाइल खरोखरच पुसली गेली असेल, तरी डिस्क बहुधा ती जागा केवळ ‘मोकळी’ म्हणून नोंदते. त्या जागेवर नवे लिखाण झाले की जुने कायमचे जाते. म्हणून सर्व्हरचे काम तत्काळ थांबवावे, संपूर्ण डिस्कची प्रतिकृती काढावी आणि शोध त्या प्रतिकृतीवरच घ्यावा. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर मोकळी जागा लवकर साफ होते. तेथे आशा थोडी असते.

मराठी मजकुराची एक वेगळी अडचण आहे. अक्षरांऐवजी विचित्र रोमन चिन्हांची माळ दिसली, तर मजकूर बहुधा शाबूत असतो; तो चुकीच्या अक्षरसंचाने वाचला जात असतो. प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर ती केवळ पडद्यावर आहेत की साठवणीतही, हे तंत्रज्ञाकडून तपासावे. साठवणीतच असतील, तर मूळ अक्षरे गेली. जुनी प्रत हाच उपाय. तपासणी होईपर्यंत असा लेख उघडून पुन्हा जतन करू नये.

प्रत असणे आणि ती उपयोगी पडणे यांत अंतर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. प्रती काढण्याच्या तिच्या अनेक व्यवस्था निकामी निघाल्या. अखेर सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत कामी आली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ‘ओव्हीएच’ कंपनीच्या इमारतीला आग लागली, तेव्हा ज्यांच्या प्रती त्याच ठिकाणी होत्या, त्यांचे दोन्ही गेले. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना हा धडा नव्याने सांगण्याची गरज नाही. तळमजल्यावरील संगणक आणि शेजारच्या कपाटातील प्रत एकाच पाण्यात बुडतात.

म्हणून अद्ययावतीकरणापूर्वी पूर्ण प्रत काढावी, ती अन्य गावी ठेवावी आणि वर्षातून एकदा तरी दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावी. आपल्या स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदी संगणकावर आल्या असल्या, तरी धर्मग्रामाच्या मूळ नोंदवह्या जपून ठेवाव्यात. साठ वर्षांपूर्वीची नोंद मागायला कोणी दारी आले, तर त्याला रिक्त हस्ते परत पाठवावे लागू नये.