स्वप्नातल्या पाण्याला विचारलं, “तुका काय होया?”

स्वप्न पडत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळण्याचा सराव करता येतो, हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, “आणि थंय काय इला तर?” विचारणाऱ्या बाई विज्ञान शिकवतात. पण प्रश्न रास्त होता. आमच्या सिंधुदुर्गात रात्र देवचार, मुंजा, चकवा यांना कधीचीच वाटून दिलेली आहे. तिथे जाणूनबुजून जागं राहायचं म्हणजे विकतचं दुखणं, असंच कुणालाही वाटणार. या सरावाला ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात, आपण सजग स्वप्न म्हणू. तो सुरू करणारे बहुतेक जण सोडून देतात ते कंटाळून किंवा भिऊन, आणि भीतीचा अनुभव मला आहे.

मी मालवणात गणित शिकवते. माहेर देवबागचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या वाळूवर माड नि घरं, असं ते गाव. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गेलं तेव्हा मी तिथेच होते. माड आडवे झाले, विजेचे खांब पडले, लाईट यायला कितीतरी दिवस लागले. त्यानंतर एक स्वप्न मागे लागलं. दोन्हीकडून पाणी चढतंय, आई ओटीवर निवांत तांदूळ निवडतेय आणि माझ्या घशातून हाक फुटत नाही. हे स्वप्न आतून बदलता येईल का, एवढ्याच आशेने मी या वाटेला गेले. झालं उलटंच. पहिल्या काही आठवड्यांत वाईट स्वप्नांची रीघ लागली.

त्यामागे भूतखेत नाही, झोपेची घडणच तशी आहे. झोपेचा एक फेरा साधारण दीड तासाचा. फेऱ्याच्या शेवटाकडे मेंदू जवळजवळ जागेपणाइतका कामाला लागतो आणि मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये या झोपेबद्दल लिहिलं. तिला आरईएम झोप म्हणतात. रात्र सरेल तसा हा भाग लांबत जातो, म्हणून लांबलचक, रंगीबेरंगी स्वप्नं पहाटेची. सजग स्वप्नाचा सराव नेमका तिथेच हात घालतो. पाचेक तास झोपून उठायचं, थोडं जागं राहायचं आणि ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल’ असं मनाशी घोकत परत आडवं व्हायचं. स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांच्या पद्धतीचा गाभा हाच. जोडीला उशाशी वही, उठल्या उठल्या स्वप्न लिहायला. आता जो पहाटे उठून स्वप्नं लिहितो त्याला एरवी विसरली गेली असती ती वाईट स्वप्नंही आठवणारच. माझ्या वहीत ती वाढलेली दिसली याचं निम्मं कारण एवढंच. उरलेलं निम्मं म्हणजे ‘आज काय दिसेल’ ही धास्ती उराशी घेऊन झोपणं.

याहून दांडगी भीती वेगळी. मध्येच जाग येते, डोळे उघडे, खोली दिसतेय, पण हातपाय हलत नाहीत. आमच्याकडे म्हणतात, कोणतरी येवन छातयेर बसता. आरईएम झोपेत मेंदू अंगाचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खाटेवरून उडी मारेल. कधीकधी मन आधी जागं होतं आणि हा सैलपणा मागे रेंगाळतो. अर्धवट स्वप्न अजून चालू असल्याने दाराशी कुणी उभं दिसतं, छातीवर ओझं वाटतं. श्वास चालू असतो, फक्त तो मुद्दाम खोल घेता येत नाही म्हणून गुदमरल्यासारखं होतं. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत हे आपोआप सुटतं. झटापट केली की घबराट वाढते. श्वास त्याच्या लयीत जाऊ द्यावा आणि पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करावा. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपावं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या उशाखालचा अंगारा वाचला असता.

झोपलेल्या माणसाला खरंच भान असतं हे कशावरून? बाकी अंग सैल असलं तरी बुबुळं हलतात, यातच युक्ती सापडली. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एप्रिल १९७५ मध्ये अॅलन वर्स्ली या गृहस्थांशी आधी खूण ठरवली, की स्वप्नात भान आलं तर डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. वर्स्लींनी झोपेतून ती खूण केली आणि यंत्रावर ती उमटली. २०२१ मध्ये तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारले. एकाला आठातून सहा वजा करायला सांगितलं आणि त्याने डोळ्यांनी दोन असं उत्तर दिलं. माझ्या वर्गात जागेपणी याहून वाईट उत्तरं येतात.

मग स्वप्नात भान आलं आणि समोर भयंकर काही उभं असलं, तर? बहुतेक जण जागं व्हायची धडपड करतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल टोलाय यांनी १९८० च्या दशकात वेगळा सल्ला दिला. पळू नका, हल्लाही करू नका. त्या आकृतीकडे वळा आणि तू कोण, तुला काय हवं, असं विचारा. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण माझी आजी, जिने मालवणच्या बाजारापलीकडचं जग फारसं पाहिलं नव्हतं, हेच सांगायची. “पळा नको. पळलस तर तो मागसून येतलो. ऱ्हव आणि इचार, तुका काय होया?” वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. पण आरवलीकरांनी त्याला गावाचा राखणदार केला. तो रात्री गावभर फिरतो अशी श्रद्धा, म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालायचं, त्याच्याशी बोलायचं. भीतीशी बोलणी करायची रीत आमच्या मातीत आहेच. स्वप्नात ती वापरायची एवढंच मला सुचायचं राहिलं होतं.

त्यासाठी आधी भान यायला हवं. दिवसा अधूनमधून नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहायचा. स्वप्नात धरलेल्या नाकातूनही बरेचदा श्वास येतो. मला मात्र पंख्याने जागवलं. नेहमीचंच स्वप्न होतं. पाणी चढत होतं, आई तांदूळ निवडत होती आणि तिच्या डोक्यावर छताचा पंखा गरगरत होता. वादळानंतर देवबागात लाईट कुठली? त्या क्षणी लख्ख कळलं. अंगात एकदम जोर आला आणि स्वप्न विरायला लागलं, तेव्हा पुस्तकात वाचल्याप्रमाणे तळहात एकमेकांवर घासले. मग पायरीवर उभी राहून पाण्याला विचारलं, तुका काय होया? पाणी काही बोललं नाही. घोट्यापर्यंत आलं. कोमट होतं, त्यात बारके पेडवे मासे वळवळत होते. आईने वर न बघता म्हटलं, “टोपली हाड गो.” मी हसत जागी झाले. ते स्वप्न त्यानंतरही पडलं, पण छातीतली धडधड पूर्वीची राहिली नाही.

तरीही उद्यापासून सगळ्यांनी हे करावं असं मी म्हणणार नाही. भास होतात, ऐकू येऊ नये ते ऐकू येतं, अशा आजारात या फंदात पडू नये. दर्यावर गेलेलं घरचं माणूस परतलं नाही, अशांची स्वप्नं नुसती स्वप्नं नसतात. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हवा. शिवाय दुःस्वप्नांसाठी रात्री न उठता करायची एक रीत आहे. ते स्वप्न दिवसाउजेडी कागदावर लिहायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि नवं स्वप्न रोज थोडा वेळ डोळ्यांपुढे आणायचं. अमेरिकेतले डॉक्टर बॅरी क्राकॉव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवरचा याचा अभ्यास छापला, त्यात दुःस्वप्नं कमी झालेली आढळली. सुरुवात इथून केलेली बरी. पहाटेचा गजर नंतरही लावता येतो, आणि पेपर तपासायच्या महिन्यात मी तो लावतच नाही.