वार सुटत नाही तेव्हा

मूल जन्मले, पण वार पडायची राहिली, या वाक्यातील धास्ती रामाकोना-सौंसर भागातील जुन्या सुईणींना समजावून सांगावी लागत नसे. ती का अडते याचे उत्तर मात्र अलीकडच्या संशोधनातून हाती येत आहे.

वार गर्भाशयाच्या अस्तरात मुळे रोवते. ती किती खोल जावीत, यावर आईच्या अस्तराचा अंकुश असतो. तेथील संयोजी ऊतीत कोलॅजेनचे धागे असतात आणि त्या धाग्यांना बिलगून डेकोरिन नावाचे प्रथिन असते. अस्तरातून स्रवणारे हे डेकोरिन वारेच्या पेशींचा शिरकाव रोखते, असे कॅनडातील वेस्टर्न विद्यापीठात पीयूष लाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आमच्या शेतकरी वाचकांनी शेताचा धुरा डोळ्यांपुढे आणावा. डेकोरिन अति झाले की मुळे उथळ राहतात, आईच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत. गर्भारपणात रक्तदाब चढतो आणि लघवीतून प्रथिन जाते त्या विकारात, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियात, अस्तरातील डेकोरिन वाढलेले आढळले आहे.

आणि धुराच नसला तर? सिझेरियनच्या व्रणावर कोलॅजेन भरपूर, पण अस्तर नीट भरून येत नाही. तेथे वार रुजली की ती थेट स्नायूला चिकटते. बोस्टनच्या आयर्विंग व हर्टिग यांनी १९३७ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. वारच आक्रमक, असे पूर्वी मानत. आज पुष्कळ तज्ज्ञ दोष व्रणाकडे देतात, आणि आम्हालाही तेच पटते. गर्भाशयाच्या मुखावर वार असलेल्या स्त्रियांत हा धोका पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के, असे २००६ च्या एका अमेरिकी पाहणीत दिसले.

अशी वार ओढून काढू गेल्यास रक्ताचा पूर लोटतो; पुष्कळदा गर्भाशयच काढावे लागते. म्हणून आधीचे सिझेरियन असेल आणि सोनोग्राफीत वार खाली दिसली, तर ती व्रणावर आहे काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. तशी शंका असल्यास कळा सुरू होण्याची वाट न पाहता, रक्तपेढी व अनुभवी शल्यचिकित्सक असलेल्या नागपूरसारख्या ठिकाणी प्रसूती आधीच ठरवावी. रक्तगट जुळणारे दोन-तीन आप्तही हाताशी असावेत. पत्रिकेतले गुण मोजणाऱ्या आपल्या घरांना सुनेचा रक्तगट पुष्कळदा ठाऊक नसतो. तो सातव्या महिन्याआधी विचारून, लिहून ठेवावा.